गंगाजलाची लोटी

काशीयात्रा करून जळगांवीं वा धुळ्यास परतलेल्या माणसाच्या घरीं मावंदें होतें, आणि झाळ लावून बंद केलेली गंगाजलाची लोटी देवघरांत बसते. त्या पाण्यांत वर्षानुवर्षें किडे पडत नाहींत, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. ह्या समजुतीची शास्त्रीय परीक्षा कशी झाली, तें आज सांगावयाचें आहे.

आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन यांनीं इ. स. १८९६ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत एक निबंध छापविला. गंगायमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु सोडले असतां ते थोड्याच तासांत मरतात. तेंच पाणी उघड्या भांड्यांत उकळून घेतलें तर मरत नाहींत, असें त्यांस आढळलें होतें. पुढें १९१५ सालीं इंग्लंडांत ट्वॉर्ट यांनीं व १९१७ सालीं पॅरिसमध्यें डेरेल यांनीं जंतूंनाच ग्रासणारे अतिसूक्ष्म विषाणु उजेडांत आणिले. डेरेल यांनीं त्यांस ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जंतुभक्षक, हें नांव दिलें. आणि १९२७ सालीं हिंदुस्थानांत येऊन पटकीच्या रोग्यांवर त्यांचे प्रयोग केले.

मग हॅन्किन यांचें कोडें सुटलें काय? सुटलें, असें मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. ती चूक आज दुरुस्त करतों. बंद नळींत तापविलेल्या पाण्याचा गुण टिकतो, ही हॅन्किन यांचीच नोंद आहे. जंतुभक्षक तर तशा उष्णतेंत नाश पावतात. म्हणून आजचे अभ्यासक ह्या निष्कर्षाबद्दल साशंक आहेत.

शिवाय जंतुभक्षकाची रीत पाहा. तो जंतूच्या आंत वाढतो व त्यास फोडून बाहेर पडतो. परंतु प्रत्येकाचें भक्ष्य ठराविक. पटकीचा भक्षक विषमज्वराच्या जंतूस शिवत नाहीं. भक्ष्य संपलें कीं भक्षकहि रोडावतो, आणि तावडींतून सुटलेल्या जंतूंची प्रजा त्यास दाद देत नाहीं. म्हणजे पाण्यांत भक्षक विपुल असणें हें पुष्कळदां जंतु विपुल असल्याचेंच लक्षण होय.

हॅन्किन यांस नदीचा गुण ठाऊक होता. तरीहि पटकीच्या दिवसांत विहिरींत परमँगनेट टाकावें, असाच त्यांचा आग्रह असे. तापी, गिरणा, पांझरा ह्या आपल्या नद्यांसहि आपण माता म्हणतों. मातेस नमस्कार अवश्य करावा. पण तिच्या पात्रांत घाण सोडून तिनेंच ती निस्तरावी, ही अपेक्षा लेकरांस शोभत नाहीं. लोटी देवघरांत राहूं द्या. पिण्याचें पाणी मात्र गाळून, उकळूनच घ्या.