जुनी राइड, नवी राइड

स्मरणिका समितीने लेख मागताना एकच अट घातली होती: "काकू, इतिहासाचं लिहा, पण जरा वेगळं. गड-किल्ल्यांवर चार लेख आधीच आलेत." म्हणून हा वेगळा इतिहास.

मागच्या सर्वसाधारण सभेत आपल्या बागेतल्या लोखंडी चक्रीवर पाऊण तास चर्चा झाली. ती काढून तिथे रबरी फरशीवर नवी खेळणी बसवायची की नाही, हा विषय. एका बाजूला "आमची मुलं तिच्यावर वाढली" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "आमच्या मुलांचे गुडघे फुटतात" म्हणणारे. दोघांचंही खरंच होतं. मला त्या सभेत बसल्या बसल्या अमेरिकेतली डिस्ने पार्कं आठवली. लेक फ्लोरिडात असल्यामुळे तिकडे तीनदा जाणं झालं. तिथल्या चाहत्यांमध्ये हाच वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे. जुनी राइड पाडून नव्या सिनेमाची राइड आणायची का, आणि आणायची तर कशी?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. पहिलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम या गावी उघडलं. त्याआधी तिथे संत्र्याच्या बागा होत्या. वॉल्ट डिस्ने यांचं म्हणणं असं की सिनेमा एकदा पूर्ण झाला की त्यात हात घालता येत नाही, पण हे उद्यान कधीच पूर्ण व्हायचं नाही, त्यात सतत भर पडत राहील. आणि ते तसेच वागले. व्ह्यूलायनर नावाची झुळझुळीत छोटी आगगाडी त्यांनी १९५७ मध्ये आणली आणि १९५८ मध्ये काढूनही टाकली. पुढच्याच वर्षी मॅटरहॉर्न डोंगर, मोनोरेल आणि पाणबुड्या आल्या. म्हणजे बदल हा त्या जागेच्या जन्मापासूनचा. "जुनं कशाला मोडता?" असं कुणी म्हणालं की दुसरी बाजू हाच दाखला पुढे करते.

पण काढायचं म्हटलं तरी सगळं मुकाट्याने निघत नाही. १९५७ मध्ये तिथे 'भविष्यातलं घर' म्हणून प्लॅस्टिकचं घर उभारलं होतं. दहा वर्षांनी ते पाडायला घेतलं, तर पाडकामाचा लोखंडी गोळा त्याच्यावर आपटून उलटा उडायला लागला. एका दिवसाचं काम दोन आठवडे चाललं. काँक्रीटचा पाया तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती बाग केली. आपल्याकडे जुन्या वाड्याचं जोतं राहतं ना, तसंच.

चाहत्यांनी उघडपणे विरोध केल्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममधली 'मिस्टर टोड' ही राइड. टोड म्हणजे एक श्रीमंत, बेफाम गाडी हाकणारा बेडूक. १९७१ मध्ये पार्क उघडलं तेव्हापासूनची ही राइड. १९९७ च्या अखेरीस बातमी फुटली की ती बंद करून तिथे विनी द पूह हे अस्वल येणार. पूहची खेळणी दुकानांत धडाधड खपत होती, टोडला मात्र मुलं फारशी ओळखत नव्हती. हिशेब सरळ होता. तरीही चाहते हिरवे टी-शर्ट घालून राइडपाशी जमले, कंपनीला पत्रं पाठवली. सप्टेंबर १९९८ मध्ये राइड बंद झालीच आणि जून १९९९ मध्ये पूह आला.

मला यातली पुढची गोष्ट आवडते. पूहच्या राइडमध्ये घुबडाच्या घरात भिंतीवर एक तसबीर लावली आहे. मिस्टर टोड स्वतःच्या हाताने घुबडाला जागेचे कागद देतोय, असं ते चित्र. आपल्या भाषेत सांगायचं तर रीतसर कन्व्हेयन्स झालं! कॅलिफोर्नियातही असंच. तिथे २००३ मध्ये पूहची राइड आली ती गाणाऱ्या अस्वलांचं थिएटर बंद करून. पण त्या थिएटरच्या भिंतीवरची बोलणारी तीन मुंडकी (एक रेडा, एक हरीण, एक सांबर) नव्या राइडमध्ये जपून लावली. ती पुढे बघून दिसत नाहीत. गाडीत बसल्यावर मान वळवून मागे पाहावं लागतं.

पुढचा वाद वेगळ्या तऱ्हेचा. फ्लोरिडातल्याच एपकॉट पार्कमध्ये खऱ्या देशांची दालनं आहेत. नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून 'मेलस्ट्रॉम' नावाची होडीची राइड होती. वायकिंग, समुद्र, तेलाच्या विहिरी, असं सगळं त्यात. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली. त्याच होड्या आणि तोच पाण्याचा मार्ग वापरून जून २०१६ मध्ये 'फ्रोझन' सिनेमाची राइड सुरू झाली. चाहत्यांचा आक्षेप मुद्द्याचा होता. नॉर्वे हा देश नकाशावर आहे, 'फ्रोझन'मधलं एरेंडेल नाही. देशांची ओळख करून द्यायला बांधलेल्या जागेत काल्पनिक राज्य कसं चालेल? दुसरी बाजू म्हणे, त्या राइडला पूर्वी रांग नसायची, आता मुलं तासन् तास उभी राहतात, आणि आली की नॉर्वेचं लाकडी चर्चही बघून जातात. दोन्ही खरं आहे. सिनेमा नसलेली, स्वतःच्याच कल्पनेवर उभी राहिलेली राइड आता दुर्मीळ होत चालली, ही खंत मात्र राहतेच.

आता सगळ्यात मोठा वाद, 'स्प्लॅश माउंटन'चा. ही राइड डिस्नेलँडमध्ये जुलै १९८९ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड उघडलं त्याच साली. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचं, ससा, कोल्हा आणि अस्वलाची गोष्ट बघत पुढे जायचं, आणि शेवटी पन्नासेक फुटांवरून धाडकन पाण्यात. फ्लोरिडात ती १९९२ मध्ये आली. टोनी बॅक्स्टर या कलाकाराला तिची कल्पना रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना सुचली होती. मुंबईकरांना किती कल्पना सुचायला हव्यात, विचार करा.

२०१८ मध्ये आम्ही दोघं या राइडमध्ये बसलो. हे, म्हणजे आपल्या सोसायटीचे पहिले खजिनदार, पावती-पुस्तकाशिवाय कशातही फारसे न रमणारे. खाली कोसळताना तिथे आपोआप फोटो निघतो. त्यात ह्यांनी एका हाताने चष्मा धरलाय, दुसऱ्या हाताने माझा हात, आणि तोंड एवढं उघडं की कवळी दिसतेय. इतके मनमोकळे हसताना त्यांना मी चाळीस वर्षांत कमी वेळा पाहिलं. २०२१ मध्ये हे गेले. जानेवारी २०२३ मध्ये लेकीचा फोन आला, "आई, आपली ती राइड आज बंद होतेय." मला दोन दिवस उगाच चुकल्यासारखं झालं. त्या आठवड्यात लोक इंटरनेटवर राइडमधलं पाणी म्हणून बरण्या विकत होते. लोक हसले. मी नाही हसले.

पण राइड बंद का झाली, तेही सांगायला हवं. ससा-कोल्ह्याची ती गोष्ट 'साँग ऑफ द साउथ' या १९४६ च्या सिनेमातली. गुलामगिरी संपल्यानंतरच्या दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या मळ्यावर कृष्णवर्णीय माणसं कशी आनंदात, मालकांशी गोडीगुलाबीने राहत होती, असं चित्र त्यात रंगवलंय. सिनेमा आला तेव्हाच कृष्णवर्णीयांच्या संघटनेने, एनएएसीपीने, त्याला हरकत घेतली होती. डिस्नेने तो अमेरिकेत घरी बघण्यासाठी व्हिडिओवर कधी काढलाच नाही. राइड बांधतानाही कंपनीला अवघडलेपण होतंच. मूळ गोष्टीतल्या डांबराच्या काळ्या बाहुलीऐवजी तिथे मधाचं पोळं दाखवलं होतं. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिका पेटली असताना, कंपनीने जाहीर केलं की राइड बदलून तिथे 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या २००९ च्या सिनेमातली टियाना येईल. टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. राइड बदला म्हणणारे आणि बदलू नका म्हणणारे, दोघांनीही सह्यांच्या मोहिमा चालवल्या.

बदलू नका म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: राइडमध्ये माणूस एकही नाही, सगळे प्राणी. सिनेमा तर आजच्या मुलांनी पाहिलेलाच नाही. शिवाय सशाच्या या गोष्टी मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनीच सांगितलेल्या, मग त्या काढून कुणाचा मान राखला? हे विचार करण्यासारखं आहे. दुसरी बाजू मला लेकीच्या शेजारणीकडून कळली. ती कृष्णवर्णीय आहे. लहानपणी ती स्प्लॅश माउंटनमध्ये मजेत बसायची. मोठेपणी सिनेमाबद्दल वाचलं, आणि मग ते गाणं कानावर पडलं की तिला तिथे पाहुण्यासारखं वाटायला लागलं. २०२४ च्या जूनमध्ये फ्लोरिडात टियानाची राइड उघडली, तेव्हा ती आपल्या मुलीला टियानाचा हिरवा झगा घालून घेऊन गेली. "इथे तिला काही समजावून सांगावं लागत नाही," एवढंच ती म्हणाली. यावर मी काय बोलणार?

नंतरच्या फेरीत मी नातीबरोबर नव्या राइडमध्ये बसले. होडी तीच, वळणं तीच, शेवटची उडीही तीच. ह्यांनी जिथे माझा हात धरला होता, तिथे नातीने धरला. नव्या गोष्टीवर मात्र तिथले चाहते अजून भांडतात. पुतळे अप्रतिम, पण जुन्या राइडमध्ये कोल्हा सशाला धरतो तेव्हा पोटात गोळा यायचा, तसं इथे काही घडत नाही, असं पुष्कळांचं म्हणणं. मला तेही पटतं. चांगल्या कारणासाठी केलेला बदलसुद्धा कामात चोखच व्हायला हवा.

आणि इतिहासाची खरी गंमत पुढेच आहे. ज्या स्प्लॅश माउंटनसाठी लोक रडले, तिच्यातले कॅलिफोर्नियातले बहुतेक प्राणी आधी दुसरीकडचे होते! १९७४ पासून डिस्नेलँडमध्ये 'अमेरिका सिंग्ज' नावाचा यंत्रावरच्या पुतळ्यांचा गाण्याचा कार्यक्रम होता. तो १९८८ मध्ये बंद केला आणि त्यातले पुतळे नव्या राइडमध्ये नेऊन बसवले. त्या कार्यक्रमाचं गोल थिएटरही आधी दुसऱ्याच खेळासाठी बांधलेलं होतं. एकाखाली एक असे थर निघत जातात. ज्याला आपण "जुनं" म्हणतो, तेही एकदा कुणाला तरी हलवूनच आलेलं असतं. टोकियोच्या पार्कात मात्र स्प्लॅश माउंटन आजही चालू आहे, कारण ते पार्क वेगळ्या जपानी कंपनीच्या मालकीचं आहे.

जुलै २०२५ मध्ये मॅजिक किंगडममधली १९७१ पासूनची नदी, तिच्यावरची चाकाची आगबोट आणि टॉम सॉयरचं बेटही बंद झालं. तिथे 'कार्स' सिनेमाचा डोंगराळ प्रदेश होणार आहे. चाहत्यांचं दुःख यावेळी निराळं. ते म्हणतात, राइडच्या बदल्यात राइड गेली तर चालतं, पण ही निवांत बसायची जागा होती. सावली, पाणी, आणि काहीही न करण्याची मुभा. ती परत कशी आणणार?

हे सगळं आपल्या स्मरणिकेत कशासाठी? पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा या जागी भाताची खाचरं होती, आणि कुंपणाशी एक मोठं जांभळाचं झाड. ते झाड आता फक्त आपल्यातल्या काहींच्या बोलण्यात उरलंय. चक्रीचंही आज ना उद्या तेच होणार, आणि गुडघे फुटत असतील तर व्हावंच. फक्त माझं समितीला एक सुचवणं आहे. नवी खेळणी बसवाल तेव्हा चक्रीचा तो झिजून चकचकीत झालेला दांडा भंगारात देऊ नका. बागेच्या भिंतीवर लावा, आणि खाली लिहा की ही इथे २००० सालापासून फिरत होती. टोडने घुबडाला कागद दिले, तसं आपणही पुढच्या मुलांच्या हातात रीतसर देऊ. ठरावाला सूचक मी आहे, अनुमोदक शोधते आहे.

सर्व सभासदांना आणि बाळगोपाळांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!