डिमेन्शियाच्या पेशंटसाठी केअर होम बघताय? पैसे भरण्याआधी हे तपासा

दहिवली (ता. कर्जत) : एकच गोष्ट दहा वेळा विचारणं, जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागणं, रात्री दोन वाजता "मला घरी जायचंय" म्हणत दार उघडून निघणं. गावात याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश म्हणतात. हा हट्ट नाही, मेंदूचा आजार आहे.

हा फक्त शहरातला आजार आहे असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे साधारण ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, तर गावात ८.४ टक्के निघालं.

कर्जत-खालापूरमधल्या अनेक घरांत मुलगा पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो, सून खोपोलीकडे कंपनीत आणि नातवंडं शाळा-कॉलेजात. दिवसभर घरात म्हातारं माणूस एकटं. एक दिवस ते नदीकडे किंवा रुळांकडे चालत जातं, शोधाशोध होते आणि मग "होम बघायला हवं" हा विषय निघतो.

होम बघताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इतर पेशंटला काही कमी पडलं तर तो फोन करून सांगतो. डिमेन्शियाच्या पेशंटला ते जमत नाही. त्याला जेवायला दिलं नाही तरी त्याला आठवणार नाही, आणि पोटभर दिलं तरी "मला उपाशी ठेवलं" असं तो म्हणू शकतो. त्यामुळे तिथं काय चाललंय हे कळायला आपले डोळे हाच एक मार्ग आहे. जे होम तुम्हाला कधीही येऊन बघू देत नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी आपल्या कामाचं नाही.

आधी निदान, मग होम

विसरण्यामागे दर वेळी डिमेन्शियाच असतो असं नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त, नैराश्य, काही गोळ्यांचा परिणाम, अगदी ऐकू न येणं यामुळेही माणूस गोंधळल्यासारखा वागतो. यातल्या काही कारणांवर उपचाराने चांगला फरक पडतो. दोन-तीन दिवसांत अचानक बडबड किंवा भ्रम सुरू झाला असेल तर लघवीचा किंवा दुसरा जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी होम शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सुरुवात कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. मानसोपचारतज्ज्ञांसाठी अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे. मेंदूविकारतज्ज्ञांसाठी मुंबईतलं केईएम किंवा जे. जे. रुग्णालय आहे. निदानाचा कागद हातात असल्याशिवाय होमची चौकशी करून उपयोग नाही, कारण पहिला प्रश्न तोच येणार.

सगळी होम सारखी नसतात

साधा वृद्धाश्रम, निवृत्तांची वसाहत, आजारी माणसांचं नर्सिंग केअर आणि डिमेन्शिया केअर ही चार वेगळी कामं आहेत. बरेच वृद्धाश्रम स्वतः चालणाऱ्या, स्वतःची आंघोळ-शौच करणाऱ्या माणसांनाच घेतात. आपल्या तालुक्यात नेरळजवळ ममदापूरला डिग्निटी लाइफस्टाइल ही ज्येष्ठांची वसाहत आहे आणि तिथे डिमेन्शियाच्या देखभालीचंही काम चालतं. वेणगावची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन अनेकांना माहीत आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ती संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. घरचं माणूस फी भरून ठेवण्याची ती जागा नाही. संस्थेचं नाव मोठं आहे म्हणून तिथे आपल्या पेशंटची सोय होईलच असं धरू नका. नेमकं काम काय, ते विचारा.

"नोंदणी आहे" म्हणजे कोणती?

भिंतीवर फ्रेम केलेला कागद नीट वाचा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे ट्रस्ट अस्तित्वात आहे, एवढंच. त्यावरून देखभाल कशी होते ते कळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकारही येतात. अशा पेशंटना ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. "ही नोंदणी आहे का? नंबर दाखवा," असं सरळ विचारा. उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच आहे.

तीन वेळा जा, वेगवेगळ्या वेळी

पहिल्यांदा वेळ ठरवून जा. ऑफिस, खोल्या, बाग सगळं दाखवतील, ते बघून या. खरी भेट दुसरी.

दुसऱ्यांदा न सांगता संध्याकाळी पाच-सहाला जा. डिमेन्शियाचे बरेच पेशंट दिवस मावळताना जास्त अस्वस्थ होतात, फेऱ्या मारतात, रडतात, घरी जायचं म्हणतात. त्या वेळी कर्मचारी ओरडतात, की हात धरून सोबत चार पावलं चालतात? होमची खरी पारख इथे होते.

तिसऱ्यांदा जेवणाच्या वेळी जा, शक्यतो रविवारी. रविवारी माणसं कमी असतात. जमलं तर पावसाळ्यात एक फेरी माराच. रस्ता चालू राहतो का, लाईट गेल्यावर जनरेटर लागतो का, तळमजल्यावर ओल येते का, हे जुलैतच दिसतं.

बघायचं काय?

– पेशंटची नखं, दात, डोळ्यांचे कोपरे. झाडलेली फरशी पाच मिनिटांत होते, स्वच्छ नखांना रोज कुणीतरी वेळ द्यावा लागतो.
– पाण्याचा ग्लास हाताला येईल असा आहे का. या पेशंटना तहान लागल्याचं सांगता येत नाही.
– लघवीचा वास. एका खोलीत थोडा वेळ असेल तर ठीक. सगळ्या इमारतीत असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत.
– संडासात पकडायला दांडा आहे का, कमोड आहे का, फरशी घसरते का, दारावर मोठं चित्र किंवा मराठी अक्षरं आहेत का.
– फिरायला कुंपण घातलेली मोकळी जागा आहे, की सगळे टीव्हीसमोर रांगेत बसवलेत.
– मावशी-ब्रदर पेशंटला नावाने हाक मारतात, की "ए बेड नंबर चार".

जेवणाकडे खास लक्ष द्या. आजार वाढला की गिळायला त्रास होतो, ठसका लागतो. भरवणारा माणूस पेशंटला सरळ बसवून, एक घास उतरल्यावर दुसरा देतो का? एकाच वेळी चौघांना भरभर भरवत असतील तर आपल्या माणसाच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज येतो.

रात्रीचा हिशोब

"स्टाफ भरपूर आहे" हे उत्तर घेऊ नका. "रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात?" असं विचारा. समजा २० पेशंट आहेत आणि रात्रीला दोन जण. एक जण आजोबांना संडासला घेऊन गेला की उरलेल्या १९ जणांसाठी एकच माणूस राहतो. आणि तोही झोपला असेल तर?

पडून असलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला-कमरेला जखमा होतात. "सध्या किती जणांना बेडसोअर आहेत?" हेही विचारा. "एकालाही नाही" म्हणाले तर कूस बदलल्याची नोंदवही बघायला मागा. नर्स २४ तास आहे की फोनवर? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे? १०८ ची गाडी दारापर्यंत येते का?

बांधणं आणि झोपेची गोळी

"रात्री त्रास देतात म्हणून हात बांधतो," असं कुणी सहज सांगितलं तर तिथून निघा. २०१७ च्या कायद्यात साखळीने बांधायला आणि एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे. जीवाला तातडीचा धोका असेल, दुसरा उपायच नसेल आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी असेल, तरच थोड्या वेळापुरतं आवरून धरता येतं. त्याची नोंद ठेवावी लागते. सक्तीने डोकं भादरता येत नाही. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती करता येत नाही. आजीला नऊवारीची सवय असेल तर तिला गाऊनच घातला पाहिजे असं नाही.

दुसरं बांधणं दिसत नाही, ते गोळीचं असतं. दुपारी तीनला सगळेच गाढ झोपलेले दिसले तर कोणती औषधं, कुणी लिहून दिली, ते विचारा. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी त्या लागतातही, पण डॉक्टरांनी तपासून, कमीत कमी दिवस. अशी गोळी सुरू करण्याआधी घरी कळवण्याची अट लेखी घ्या.

भाषा आणि ताट

हा आजार वाढला की मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते आणि लहानपणची बोली राहते. आगरी, ठाकरी किंवा कातकरी बोलीत वाढलेल्या आजीला हिंदीतला "अम्मा, खाना खा लो" कळेलच असं नाही. मग ती तोंड फिरवते आणि वहीत लिहिलं जातं, "पेशंट जेवत नाही." निदान एक तरी मराठी बोलणारं माणूस प्रत्येक पाळीत आहे का, ते बघा. जेवणाचंही तसंच. आयुष्यभर भात, तांदळाची भाकरी, सुकी मासळी खाल्लेल्या माणसाला चव ओळखीची लागली तर दोन घास जास्त जातात.

पैशाचा हिशोब

महिन्याचा आकडा विचारू नका, महिन्याचं बिल विचारा. समजा सांगितले २५,००० रुपये. त्यात दिवसाला तीन डायपर धरा, महिन्याला ९०. एक ४० रुपयांना पडला तरी ३,६०० रुपये वर गेले. औषधं, फिजिओ, धुणं, हॉस्पिटलला नेण्याची गाडी, सोबतचा माणूस, हे सगळं आत की वेगळं? पेशंट पूर्ण झोपून राहिला की फी किती वाढणार? डिपॉझिट परत कधी मिळणार? मध्येच घरी नेलं किंवा मृत्यू झाला तर उरलेले पैसे किती दिवसांत मिळणार? सगळं कागदावर घ्या, पावती घ्या.

७० वर्षांवरील सगळ्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड हॉस्पिटलमध्ये भरती होण्यासाठी आहे. होमची महिन्याची फी त्यातून मिळत नाही. सरकारी पेन्शन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची सोय आधीच ठरवा. आणि सातबारा, बँक किंवा बक्षीसपत्राच्या कागदावर पेशंटचा अंगठा कुणी मागत असेल, तर ते होम असो की नातेवाईक, तिथेच थांबवा.

आजार लपवू नका

"सांगितलं तर घेणार नाहीत" म्हणून अनेक घरं अर्धंच सांगतात. दोन दिवसांत कळतंच आणि पेशंट परत येतो. या हलवाहलवीने त्याची अवस्था आणखी बिघडते. उलट एका कागदावर सगळं लिहून द्या : कोणत्या नावाला ओ देतात, आधी काय काम करायचे, किती वाजता उठतात, चहा कसा लागतो, कशाला घाबरतात, कोणतं भजन आवडतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. शेतात राबलेला माणूस पहाटे चारला उठून बसला तर तो त्रास देत नाही, त्याची ती जुनी वेळ आहे.

जमलं तर आधी पंधरा दिवस ठेवून बघा, मग पूर्ण करार करा.

ठेवल्यानंतर

पहिल्या महिन्यात वेळ बदलून, न सांगता जात राहा. दर महिन्याला वजन विचारा. घटत असेल तर कारण विचारा. भेटीत स्वतः कपडे बदला, म्हणजे पाठ, कंबर, टाचा बघता येतात. न सांगितलेला काळा-निळा डाग, सतत गुंगी, हात उचलला की दचकणं, अंगावर दुसऱ्याचे कपडे, यातलं काही दिसलं तर फोटो काढा आणि व्यवस्थापकाला लेखी विचारा.

"आईला टाकलं" हे शब्द गावात ऐकावे लागतात. कायद्याने दोन गोष्टींत फरक केला आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ नुसार सांभाळायची जबाबदारी असलेल्याने वृद्धाला कायमचं सोडून देणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नीट बघून ठेवणं आणि जात राहणं म्हणजे टाकणं नव्हे. घरी ठेवून दिवसभर कडी लावून जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हे १० प्रश्न मोबाईलमध्ये ठेवा

१. मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का?
२. सध्या डिमेन्शियाचे पेशंट किती?
३. रात्री दोनला जागे किती?
४. न सांगता कधीही भेटता येईल का?
५. पेशंट बाहेर निघून गेला तर काय करता?
६. बांधता का? कुणाच्या परवानगीने?
७. झोपेच्या गोळ्या कोण लिहितं?
८. शेवटी एखाद्या पेशंटला हॉस्पिटलला कधी नेलं आणि किती वेळात?
९. फीमध्ये काय काय येत नाही?
१०. पूर्ण झोपून राहिल्यावरही ठेवाल का?

मदत कुठे?

ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, रुग्णवाहिका १०८, तातडीच्या वेळी पोलीस ११२. सांभाळ आणि पोटगीच्या तक्रारी कर्जतच्या प्रांत कार्यालयात करता येतात. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांसाठी तेच कार्यालय आहे.