मुरुमांचे मूळ शोधा, मलम नंतर

वसई पूर्वेला कारखाने आणि निवासी वसाहती शेजारी शेजारी असलेल्या गोखिवरे परिसरातील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. दहावीतला मुलगा, पस्तिशी ओलांडलेली आई आणि लेथवर काम करणारे वडील. तिघांनाही मुरुमांचा त्रास होऊ शकतो. कारणे मात्र तिघांची तीन असू शकतात. अशा वेळी औषधांच्या दुकानातून एकच मलम आणून तिघांनी लावणे, ही सर्रास घडणारी चूक आहे.

मुरूम कसा होतो?

त्वचेत केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. अँड्रोजेन संप्रेरकांमुळे त्यांचा स्राव वाढतो. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचल्या, की हे तेल आत कोंडते. तोंड बंद राहिल्यास पांढरी आणि उघडे राहिल्यास काळी पुटकुळी दिसते. हा काळेपणा मळाचा नसतो. कोंडलेल्या तेलात त्वचेवर एरवीही असणारे 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हे जिवाणू वाढतात आणि सूज व पू यांना निमंत्रण मिळते.

किशोरवयात

वयात येताना मुलगे आणि मुली दोघांमध्येही अँड्रोजेनचे प्रमाण वाढते. आनुवंशिकतेचाही वाटा मोठा असतो. हा त्रास नवा नाही. 'सुश्रुतसंहिते'त तरुणांच्या चेहऱ्यावरील या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. अस्वच्छता हे मुरुमांचे कारण नव्हे. चेहरा वारंवार घासल्याने उलट दाह वाढतो. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरेसे असते. आहारात साखर व मैद्याचे पदार्थ आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध आढळला आहे.

प्रौढ वयात

पंचविशीनंतरचे मुरूम स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. ते बहुधा हनुवटी व जबड्याच्या कडेने उठतात आणि पाळीपूर्वी वाढतात. पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर 'पीसीओएस'ची तपासणी करून घ्यावी. स्टिरॉइड, लिथियम, क्षयरोगावरील आयसोनायझिड अशा औषधांमुळेही मुरमांसारखे पुरळ उठते. मात्र ही औषधे परस्पर बंद करू नयेत.

कारखान्यातील तेल

लेथ किंवा मिलिंग यंत्रांवर वापरले जाणारे कटिंग ऑइल कपड्यांत मुरते आणि रंध्रे बुजवते. त्यामुळे चेहऱ्याऐवजी मांड्या आणि हात यांवर पुरळ उठते. वसईच्या दमट उन्हाळ्यात घामाने चिकटलेले तेलकट कपडे त्रासात भर घालतात. येथे मलमापेक्षा तेल न झिरपणारा ॲप्रन, रोज धुतलेले कपडे आणि पाळी संपताच स्नान हे अधिक उपयोगी ठरते.

मलमाचा धोका

गोरेपणासाठी किंवा खाजेसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, नवे मुरूम येतात आणि मलम थांबवताच आग होऊ लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडयुक्त मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणारी विक्री रोखणारी अधिसूचना काढली. तरीही शेजाऱ्याने सुचवलेली नळी घरोघरी पोहोचतेच.

बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन यांसारख्या उपचारांचा पुरता परिणाम दिसण्यास दोन ते तीन महिने लागतात. आयसोट्रेटिनॉइन हे औषध प्रभावी असले, तरी गर्भाला गंभीर व्यंग निर्माण करू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मुरूम फोडल्यास व्रण कायमचे राहू शकतात. खोल, दुखऱ्या गाठी दिसताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि आपण काय लावतो, कोणती औषधे घेतो व कोणते काम करतो, हे तिन्ही त्यांना सांगावे. निदान अनेकदा या उत्तरांतूनच होते.