गाविलगडची वाट आणि नातवाचा प्रश्न



गेल्या रविवारी अमेरिकेतून नातवाचा फोन आला. शाळेत त्याला सॅराटोगाच्या लढाईवर चार पानं लिहायची आहेत. इतिहासाचं काही निघालं की पोरगं अजून आजोबाला विचारतं, हे माझं सुख. मीही दोन दिवस पुस्तकं चाळून तयारीत बसलो होतो.

त्याला जे सांगितलं ते थोडक्यात असं. १७७७ साली इंग्रजांचा सेनापती बर्गॉइन सात-आठ हजारांची फौज आणि भरपूर तोफा घेऊन कॅनडातून खाली निघाला. जुलैच्या सुरुवातीला टिकॉनडेरोगाचा किल्ला त्याला जवळजवळ फुकटच मिळाला. पण पुढे जंगल. अमेरिकनांचा सेनापती स्कायलर समोरासमोर लढण्याच्या स्थितीत नव्हता. त्याने हजारभर माणसांच्या हाती कुऱ्हाडी दिल्या. त्यांनी झाडं वाटेत आडवी पाडली, नाले तुंबवून रस्त्यांची दलदल केली, गुरं हाकून नेली, उभी पिकं जाळली. वीस-बावीस मैलांची वाट कापायला इंग्रजांना जुलै महिना जवळजवळ पुरला. तोवर आसपासचे शेतकरी आपापल्या बंदुका घेऊन जमत गेले. १७ ऑक्टोबरला बर्गॉइनने शस्त्रं खाली ठेवली. पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने आला. असो, ते सगळं त्याच्या पुस्तकात आहेच.

मग त्याने विचारलं, "आबा, तुमच्याकडे अशी लढाई झाली का?"

झाली ना बाबू! तोफा, डोंगर, जंगल, सगळं तसंच. साल १८०३. आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन म्हणून नावाजला, त्याने सप्टेंबरात आसईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला आणि नोव्हेंबरात तो वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबरला आडगावला (आता तेल्हारा तालुक्यात) लढाई झाली. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी भोसल्यांकडे होते. लढाई सुरू होईपर्यंत दुपार कलली होती. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या, त्याही आसईला नेटाने लढलेल्या! वेलस्ली जवळच होता म्हणून त्या परत फिरल्या. संध्याकाळपर्यंत आपला मोड झाला आणि चांदण्यात पाठलाग चालला. अडतीस तोफा गेल्या.

मग गाविलगड. चिखलदऱ्याला जाणारे आपण सगळे तो बघतो, फोटो काढतो आणि हॉटेलात परत येतो. दक्षिणेची बाजू सरळ उभी. तोफा चढवायच्या तर उत्तरेकडूनच. म्हणून कर्नल स्टीव्हन्सन ७ डिसेंबरला निघाला आणि मेळघाटाच्या डोंगरातून सुमारे तीस मैल आत शिरून १२ तारखेला गडाच्या उत्तरेला पोचला. वाट नव्हतीच. शिपायांनी ती आधी तयार केली आणि मग तिच्यावरून जड तोफा हातांनी ओढल्या. त्याच रात्री मोर्चे बांधले, १३ पासून तोफा सुरू झाल्या आणि १५ तारखेला गड पडला. आतल्या तटाला खिंडार नव्हतं, तिथे कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून चढला. बेनीसिंग राजपूत लढत पडला. चोवीस वर्षांचा एल्फिन्स्टनही तेव्हा वेलस्लीबरोबर होता, ज्याच्या नावाचं मुंबईचं कॉलेज आपल्याला ठाऊक आहे तो.

नातू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आबा, तुमच्याकडे झाडं का नाही पाडली?"

खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. वर्गात वर्षानुवर्षं मी 'मराठ्यांच्या पराभवाची कारणे' म्हणून पाच मुद्दे लिहून दिले. कवायती फौज, तोफखाना, आपसातली फूट... तेही खरंच आहे, होळकर १८०३ मध्ये बाजूलाच बसले होते. पण त्या पाचांत कुणबी नव्हता आणि कोरकू तर नव्हताच.

मेळघाटात झाडांना काय तोटा! कुऱ्हाड तर कोरकूच्या खांद्यावर कायमचीच. पण कोणासाठी चालवायची? गडावर बहामनी आले, इमादशाही आली, निजामशाही, मोगल, मग भोसले. खाली वऱ्हाडात निजाम आणि भोसले असा दुहेरी अंमल. एकाच पिकाचा वसूल दोघे नेणार. त्यात १८०३ दुष्काळाचं साल आणि वरून फौजांची ये-जा. बर्गॉइनच्या वाटेवरचा शेतकरी स्वतःच्या जमिनीसाठी उभा होता. इथल्या रयतेला धनी बदलण्यापलीकडे काय दिसणार? ह्यात त्यांना भेकड म्हणायचं मला धाडस होत नाही.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळ देवगावला तह झाला. कटक आणि बालासोर कंपनीला गेलं. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला मिळाला, गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. म्हणजे आपलं तिवसं नदीच्या अलीकडे म्हणून निजामाचं आणि समोरची आर्वी भोसल्यांची. आमच्या गावात एक गोळी सुटली नाही, विचारलं तर कोणालाच नाही!

आता गंमत बघा. हाच वेलिंग्टन १८१४ साली पॅरिसला वकील होता. इंग्लंड-अमेरिकेची दुसरी लढाई चालू होती आणि सरकारने त्याला तिकडची फौज सांभाळशील का म्हणून विचारलं. त्याने पंतप्रधान लिव्हरपूलला कळवलं की तिथल्या सरोवरांवर आरमाराचा वरचष्मा नसेल तर मी जाऊन काही होणार नाही आणि लढाईची स्थिती बघता मुलूख मागण्याचा आपल्याला हक्क नाही. २४ डिसेंबरला घेंटला तह झाला तो सरहद्दी न बदलता. वऱ्हाडात नदीवर सरहद्द नेणारा माणूस तिकडे असं म्हणतो! तिकडची वाट बंद आहे हे त्याला कळत होतं. इकडची कोणी बंद केलीच नव्हती.

हे सगळं नातवाला सांगितलं. तो म्हणाला, एवढं चार पानांत बसणार नाही.

माझ्या आजीचं माहेर आर्वीकडचं. लग्न होऊन ती कौंडण्यपूरला नावेतून वर्धा उतरून इकडे आली. ती शेवटपर्यंत "आमच्या भोसल्यांच्या मुलखात" असं म्हणायची आणि आजोबा चिडायचे. तेव्हा दोन्हीकडे इंग्रजच होता, पण आजीला ते कोणी पटवू शकलं नाही. आता तळेगावच्या अलीकडच्या पुलावरून एसटी दोन मिनिटांत नदी पार करते. पुढच्या खेपेला नातू आला की त्याला आधी कौंडण्यपूरला नेणार आहे, गाविलगड नंतर.