पेंढा टाकाऊ कधी झाला?

धिंगरी अळंबीचा विषय निघाला की ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे पालुपद ठरलेलेच. पण या पिकाचा इतिहास चाळला तर कचरा त्यात फार उशिरा येतो; आधी येते ती टंचाई. रिचर्ड फाल्क हा जर्मन कवकशास्त्रज्ञ हानोवरश म्युंडेनच्या वनविद्यालयात शिकवी. घरांच्या तुळया कुजवणारी बुरशी हा त्याच्या अभ्यासाचा विषय. पहिल्या महायुद्धाने जर्मनीत खाण्याचे हाल झालेले असताना, १९१७ साली, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर धिंगरी कशी लावावी हे त्याने लिहून प्रसिद्ध केले. लाकूड खाण्याची जी खोड घरमालकांना नकोशी, तीच त्याने कामाला लावली. (हा माणूस ज्यू, १९३३ साली त्याला देश सोडावा लागला.) या शोधाचे मोल बटण अळंबीशेजारी ठेवून पाहिले की कळते. पॅरिसकर सतराव्या शतकापासून बटण अळंबी पिकवत होते, पण तिला घोड्याची लीद कुजवून केलेले खत आणि गारवा लागे. धिंगरी लाकडातले लिग्निन स्वतःच फोडते. तिला कुणी आधी जेवण शिजवून द्यावे लागत नाही.

बुंध्यावरून ती पेंढ्यावर आली, त्यात आपल्याकडच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावरील लागवडीचे प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध केले. ती अमेरिकेहून गव्हाची जहाजे येण्याची वर्षे. संस्थेच्या नावातच अन्न आहे, आणि माझ्या मते तिच्यापुढचा प्रश्नही अन्नाचाच होता; पेंढ्याचे करायचे काय, ही विवंचना कुणालाच नव्हती. भातपट्ट्यात पेंढा गुरांना लागे, छपराला लागे, आंब्याच्या अढीला लागे. तो टाकाऊ झाला तो दुसरीकडे आणि नंतर. हरितक्रांतीबरोबर पंजाबात भात पसरला. तिथल्या गुरांना सवय गव्हाच्या भुश्याची, भाताच्या पेंढ्याची नव्हे. मग कंबाइन यंत्राने कापणी होऊन धसकटे शेतातच राहू लागली, आणि पाणी वाचवण्यासाठी लावणी पुढे ढकलणाऱ्या २००९ च्या कायद्याने गव्हाच्या पेरणीआधीचे दिवस आणखी कमी केले. काडी लावून मोकळे होणे सोपे ठरले. एकच वस्तू कोकणात गंजी लावून जपली जाते आणि पंजाबात जाळली जाते. तेव्हा ‘टाकाऊ’ हा पेंढ्याचा गुण म्हणता येणार नाही, ती पीकपद्धतीने त्याच्यावर आणलेली पाळी आहे.

यावर कुणी म्हणेल, इतिहास काहीही असो, आज कचरा आहे आणि धिंगरी त्याचे अन्न करते, एवढे पुरे नाही का? बरेचसे पुरे आहे. मात्र हिशेब नीट मांडायला हवा. किलोभर कोरड्या पेंढ्यावर पाऊण किलो अळंबी निघाली तर उत्पन्न चांगले म्हणतात, पण ताज्या अळंबीत सुमारे नव्वद टक्के पाणी असते. म्हणजे कोरडा ऐवज पाऊणशे ग्रॅमच्या आसपास. ज्या प्रथिनांची एवढी जाहिरात होते ती वाळलेल्या वजनावर मोजलेली असतात, ताटातल्या भाजीवर नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काढणीनंतर उरलेला भुसा गुरांना घालता येईल, मग चाऱ्याशी स्पर्धा कसली? बुरशीने मऊ झालेल्या काडाचा चारा करता येईल का, यावर फ्रान्तिशेक झाद्राझिल यांनी १९७० च्या दशकात बरेच काम केले. पण बुरशीही श्वास घेते, आणि काडातला बराच अंश कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. परत मिळते ते कमीच. देशावरचा शेतकरी ज्वारीचा कडबा सहसा पिशव्यांत भरत नाही, यामागे हेच शहाणपण असावे. त्याने निवडलेली गव्हाची किंवा सोयाबीनची काडे कडब्याच्या मानाने कमी मोलाची.

शिवाय कचऱ्याच्या गोष्टीत एक ओळ हमखास गळते. काड काहीही असो, पिशवीत थरांमध्ये पेरले जाणारे बियाणे, ज्याला सगळे स्पॉनच म्हणतात, ते उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या चांगल्या, निवडलेल्या दाण्यांवर वाढवलेले असते.