कारंज्याचा कापूसबाजार आणि संगणकावरील हर्रास

कारंजा लाडची ओळख करून देताना आपण नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान सांगतो, जैनांची जुनी मंदिरे सांगतो. परंतु या देशाच्या व्यापाराच्या इतिहासात या गावाचे नाव आले आहे ते निराळ्या कारणाने. सरकारी हुकुमाने नियंत्रित झालेला हिंदुस्थानातील पहिला कापूसबाजार १८८६ साली कारंज्याला सुरू झाला. वऱ्हाड त्या वेळी मालकीने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे. म्हणून हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटाचा.

मला बोलावयाचे आहे ते संगणकावरून चालणाऱ्या व्यापाराविषयी. यंत्रे आली, नावे नोंदली गेली, तरी व्यापाऱ्याच्या, अडत्याच्या आणि शेतकऱ्यांच्या नव्या कंपन्यांच्या पदरात पुरता लाभ का पडत नाही, असे सर्वत्र विचारले जाते. याचे उत्तर कारंज्याच्या त्या जुन्या बाजारापासून शोधीत यावे, असे मला वाटते.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी मोल आले. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडी पोहोचली, आणि त्याच वर्षी मुंबई व लंडन समुद्री तारेने जोडली गेली. विलायतेतला भाव आता महिन्यांनी नव्हे, पाहता पाहता वऱ्हाडात कळू लागला. आजच्या संगणकाचा तो आजाच म्हणावयाचा! पण कळला कोणाला? तार ज्याच्या पेढीवर येई त्याला. ज्या कुणब्याने पेरणीच्या वेळीच सावकाराची उचल घेतली होती, त्याचा कापूस बोंड फुटण्यापूर्वीच विकला गेलेला असे. त्याला भाव कळला असता तरी तो काय करणार होता?

मँचेस्टरला शुद्ध कापूस वाजवी दराने मिळावा, हा त्या बाजाराचा हेतू होता. पुढे १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला; जागा ठरली, दलाल-मापाऱ्यांना परवाने आले, उघड्या फसवणुकीला काही आळा बसला. हे लहान काम नव्हे. परंतु कारभारी समितीत प्राबल्य व्यापाऱ्यांचेच राहिले, आणि १९२८ च्या शाही शेती आयोगाने या उणिवेवर नेमके बोट ठेवले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने शेतकऱ्याला समितीत जागा दिली. जागा मिळाली, पैसा मात्र अडत्याच्याच गल्ल्यात राहिला.

आता संगणकाकडे येऊ. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, ज्याला सारे ई-नाम म्हणतात, तो सुरू झाला, आणि आज महाराष्ट्रातील शंभरावर बाजार समित्या त्याला जोडल्या आहेत. योजना कागदावर सुबक आहे. फाटकावर मालाची नोंद, प्रयोगशाळेत प्रत तपासणी, दूरदूरच्या खरीददारांच्या बोली, मग वजन, आणि पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात. राज्यभर एक परवाना आणि बाजार फी एकदाच.

अडते ते कोठे? आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक आता सोयाबीन, तेव्हा त्याचेच उदाहरण घ्या. लातूरच्या तेल गिरणीवाल्याने वाशीमच्या ढिगावर न पाहता बोली लावावी, तर ओलावा किती, माती-काडीकचरा किती, डागी दाणा किती, हे कागदावर लिहिलेले त्याला खरे वाटले पाहिजे. माल पोहोचल्यावर ओलावा अधिक निघाला, तर भाड्याचा भुर्दंड कोणी सोसायचा आणि तंटा कोणी तोडायचा? याचा भरवसा नाही म्हणून तो बोलीच लावीत नाही. मग आवारातलेच नेहमीचे खरीददार एकमेकांकडे पाहत हातातल्या फोनवर आकडे टाकतात. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. आता रुमाल तेवढा गेला आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. शेतकऱ्याला संध्याकाळी घरी जाताना किराणा न्यावयाचा असतो, मजुरी चुकवावयाची असते. अडत्या रोख देतो, अडचणीला उचलही देतो, म्हणून त्याला सोडून दूरचा खरीददार धरणे परवडत नाही. शेतकऱ्यांच्या कंपन्यांचेही हेच. परवाना असतो, संगणक असतो, पण सभासदाला त्याच दिवशी द्यावयास भांडवल नसते. व्यापाऱ्यांपैकी काहींना तर प्रत्येक सौदा वहीत उघडा पडणेच नको असते, हेही सांगितले पाहिजे.

मला विचाराल, तर या साऱ्यात अधिक उपयोगी निघाली ती संगणकाहून जुनी योजना. पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्जात सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. ज्याला थांबता येते, त्यालाच दूरच्या भावाचा काही उपयोग. तारेच्या काळी जे नव्हते ते हेच. पण गोदामे अपुरी, आणि ही योजना माहीत नसलेले शेतकरी मला दर हंगामात भेटतात.

माझा वावर हमाल-मापाऱ्यांत. त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, पण संगणक आणताना त्यांना कोणी काही विचारले नाही. वास्तविक, ढीग कोणत्या पोत्यापासून ओला आहे हे हमालाच्या पाठीला आधी कळते! एका बाजारात ऐन दसरा-दिवाळीच्या गर्दीत मी प्रयोगशाळा पाहिली. ओलावा मोजण्याचे यंत्र कापडाखाली झाकलेले, त्यावर बसायला माणूस नेमलेला नाही, आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. मग जुन्या रीतीने ओरडून हर्रास झाला आणि माल वजन होऊन गेला. संगणकात बोली भरल्या त्या दुपारी चार वाजता, एकट्या कारकुनाने, सगळ्या खरीददारांच्या नावाने.