उत्तराआधीचा प्रश्न

इंजिनिअरिंगच्या परीक्षेतील उदाहरणास एकच उत्तर असते. घराचा नकाशा काढणाऱ्यापुढे तसे एकमेव उत्तर कधीच नसते. तो चार आराखडे काढतो, तीन फाडतो, पुठ्ठ्याची प्रतिकृती करतो आणि गुरुजनांच्या उलटतपासणीस तोंड देतो. या रीतीला पवईच्या इंजिनिअरांच्या घरात जागा मिळाली ती १९६९ साली, तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजेच आयडीसी, निघाले तेव्हा. केंद्राचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे जर्मनीतील उल्म येथे शिकलेले. उल्मच्या विद्यालयाचे पहिले प्रमुख माक्स बिल हे वास्तुशिल्पी. ते स्वतः बाउहाउसचे विद्यार्थी. आणि बाउहाउस १९१९ साली काढले तेही ग्रोपियस या वास्तुशिल्प्यानेच. तेव्हा पवईस आलेल्या पदवीधर इंजिनिअरांना लाभला तो घर रचणाऱ्यांचाच वारसा होय.

वारसा कसला? गुडीहत्नूरसारख्या गावचा हातपंप घ्या. किती खोलीवरून किती पाणी, हे गणित इंजिनिअर चोख करील. पण दांडा नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती येतो काय, घागर कोठे टेकते, सांडलेले पाणी कोठे जाते, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. ते त्याने स्वतः हुडकावयाचे. आम्हां वकिलांस हे नवे नाही. पक्षकार जी तक्रार घेऊन येतो ती खरी तक्रार क्वचितच असते! गणितात पहिल्या येणाऱ्यास मात्र हे फार जड जाते. त्याला लागणारे सगळे आकडे आजवर प्रश्नपत्रिकेतच छापून आलेले असतात.

उल्मचे विद्यालय १९६८ साली, सरकारी मदत आटल्यावर, बंद पडले. पवईचे रोप लागले ते त्याच्या पुढच्याच वर्षी.